पडद्यावरचे वादळ आणि सायकलचा पंप

रोलंड एमेरिख यांचा 'द डे आफ्टर टुमारो' हा चित्रपट २००४ साली आला. गेल्या वर्षी नववीच्या मुलांबरोबर शाळेत तो पुन्हा पाहिला. दिल्लीत बर्फ पडताना मुले खळखळून हसली, टोकियोत भल्यामोठ्या गारा कोसळू लागल्यावर गप्प झाली. न्यूयॉर्क गोठू लागले तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, वरची हवा खरंच इतकी थंड असते?" हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहे.

चित्रपटाचा पाया भक्कम आहे, हे आधी सांगायला हवे. उत्तर अटलांटिकमधले खारे पाणी थंड झाले की जड होऊन खोल बुडते, आणि त्याची जागा घ्यायला दक्षिणेकडून उबदार पाणी येते. बर्फ वितळून गोडे पाणी मिसळले, तर वरचे पाणी हलके होते आणि हे बुडणे मंदावते. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरत असताना, उत्तर अटलांटिकभोवतालचा प्रदेश पुन्हा गारठला. ती थंडी हजाराहून अधिक वर्षे टिकली. त्यामागे असेच काही घडले असावे, असे बरेच संशोधक मानतात.

पण चित्रपट हे सारे काही दिवसांत उरकतो! आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार हा प्रवाह या शतकात मंदावण्याची शक्यता खूपच मोठी आहे. मात्र २१०० पूर्वी तो अचानक कोलमडणार नाही, असे अहवाल 'मध्यम' खात्रीने म्हणतो. दशकांचा हिशेब पडद्यावर दाखवणे अवघड, हे मान्य. तरीही चित्रपट पाहून मुलांच्या मनात ठसते ते असे, की हवामानबदल म्हणजे एक मोठे वादळ. ते आले आणि गेले की आकाश निरभ्र. शेवटचे दृश्य तर नेमके तसेच आहे. आपल्याकडे भाषाही या घोटाळ्याला हातभार लावते. पाठ्यपुस्तकात 'हवा' म्हणजे आजची स्थिती आणि 'हवामान' म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. पण उद्याच्या पावसाचा अंदाज देते ते 'हवामान खाते'. चित्रपट दाखवण्याआधी एवढे फळ्यावर लिहिले, तरी बरेच काम होईल.

आता वादळे. उत्तर गोलार्धात जमिनीवर तीन प्रचंड वादळे घोंघावतात, प्रत्येकाला चक्रीवादळासारखा डोळा. चक्रीवादळाचे इंधन म्हणजे उबदार समुद्रावरून उठणारी वाफ. ती वर जाऊन तिचे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते, तिच्यावर वादळ पोसते. जमिनीवर आले की हा पुरवठा तुटतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगड किनाऱ्यावर धडकले. दुसऱ्या दिवशी विदर्भापर्यंत पोचेतो त्याचा जोर ओसरला होता. चित्रपटातली वादळे जमिनीवर राहून दिवसेंदिवस फोफावतात. कशावर, ते कोणी सांगत नाही.

सगळ्यांत मोठी चूक मात्र त्या मुलीच्या प्रश्नात आहे. वादळाच्या डोळ्यातून वरची अतिथंड हवा जमिनीवर येते आणि हेलिकॉप्टरांचे इंधन गोठते, तापमान उणे १५० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ उणे १०१ सेल्सिअस. गंमत अशी, की ही हवा खाली येताना तापायला नको का, अशी शंका चित्रपटातच एक पात्र काढते. उत्तर मिळते, ती इतक्या वेगाने येते की तापायला वेळच मिळत नाही. पटकथाकारांना आक्षेप ठाऊक होता, आणि त्यांनी तो नेमका उलटा सोडवला.

हवा खाली येताना तापते ती आजूबाजूची ऊब घेऊन नव्हे. खाली दाब जास्त, म्हणून ती दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळे तापते. सायकलचा पंप भराभर मारा, नळी जास्त गरम होते, कारण उष्णतेला बाहेर निसटायला वेळ मिळत नाही. (घर्षणाचाही थोडा वाटा असतो, तो मुलांना सांगावा.) म्हणजे घाईने हवा अधिकच तापायला हवी. कोरडी हवा दर किलोमीटर उतरताना सुमारे १० अंश सेल्सिअसने तापते. खऱ्या चक्रीवादळाच्या डोळ्यात हवा अशीच उतरते, म्हणून वरच्या थरांत डोळा हा वादळाचा सर्वांत उबदार भाग असतो.

चित्रपट जरूर दाखवावा. दोन तास मुले जागची हलत नाहीत, हे आपल्या किती तासांना जमते? फक्त हेलिकॉप्टरच्या दृश्याशी तो थांबवावा, पंप बाहेर काढावा आणि वही-पेन्सिल घ्यायला सांगावे. आम्ही तसेच केले. दहा किलोमीटर उंचीवर, उणे ५० अंशांपासून सुरुवात. त्या मुलीचे उत्तर सर्वांत आधी आले : अधिक ५०. वहीतून डोके वर काढून ती म्हणाली, "म्हणजे न्यूयॉर्क गोठलं नसतं सर, भाजलं असतं."