‘हायाबुसा’ विमानाची चिनी उत्तरकथा : एका शेऱ्याची चिकित्सा

युद्धविमानांच्या माहितीग्रंथांतून जपानच्या ‘हायाबुसा’ विमानापुढें ‘युद्धोत्तर उपयोग : चीन’ एवढाच शेरा पुष्कळदां आढळतो. विषय अलीकडचा असला तरी साधनांची छाननी हें आपल्या वाचकांचें नित्याचेंच कार्य असल्यामुळें त्या शेऱ्याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे. आमच्या मतें शेरा खोटा नाहीं. परंतु तो तीन ठिकाणीं अपुरा आहे, आणि त्यामुळें एका खऱ्या ऋणाचा उल्लेख बुडतो.

पहिला दोष नामाचा. हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. नाकाजिमा कारखान्याच्या या विमानाचा अनुक्रमांक ‘कि-४३’. त्यावरून १९४३ साल काढणें चूक होय; पहिला नमुना १९३९ च्या जानेवारींतच उडाला होता. कालदर्शक अंक त्याच्या दुसऱ्या नांवांत, ‘भूदलाचें प्रकार १ चें लढाऊ विमान’ यांत, आहे. जपानी राजशकाच्या २६०१ मधून ६६० वजा जातां १९४१ येतात. शुहूर सनांत ५९९ अथवा ६०० मिळविणाऱ्यांस ही रीत परकी वाटूं नये. मात्र त्याच वर्षाच्या इतर विमानांसही हाच अंक आहे; नौदलाचें एक बाँबफेकी विमान त्यांतच येतें. तेव्हां नुसत्या अंकावरून ‘हायाबुसा’ म्हणणें म्हणजे नामसाम्यानें दोन व्यक्ति एक करणें होय.

दुसरा दोष ‘चीन’ या शब्दाचा. १९४५ च्या ऑगस्टांत जपान शरण आल्यावर राष्ट्रीय सरकार व साम्यवादी सेना या दोन परस्परविरोधी पक्षांच्या हातीं जपानी विमानें पडलीं. पहिल्यानें तीं कांहीं काळ वापरलीं. पण त्याची मुख्य भिस्त अमेरिकन विमानांवर होती. दुसऱ्याजवळ विमानदलच नव्हतें. त्यानें १ मार्च १९४६ रोजीं मांचुरियांतील तोंगह्वा येथें वैमानिकी शाळा काढली ती मोडक्या जपानी विमानांच्या भरंवशावर. पेट्रोलाऐवजीं मद्यार्क, चाकांत हवा भरण्यास सायकलचा पंप, विमान ओढण्यास घोडे, एकाचा प्रोपेलर काढून दुसऱ्यास, अशा रीतीनें ती चालली. अनेक सांगाड्यांचे अवयव जोडून उभें केलेलें विमान म्हणजे निरनिराळ्या पोथ्यांचीं पानें एकत्र बांधलेली प्रत. तिचें कुळ एका पानावरून ठरत नाहीं. शिवाय तेथें हायाबुसा असलें तरी प्राथमिक शिक्षणाचा भार ‘९९’ अंकाच्या, म्हणजे १९३९ सालच्या, शिकाऊ विमानानें वाहिला.

तिसरा दोष साक्षीचा. १ ऑक्टोबर १९४९ रोजीं बीजिंग येथें नव्या राज्याच्या घोषणेच्या वेळीं १७ विमानें उडालीं : ९ मस्टँग, ३ सी-४६, २ मॉस्किटो, २ पीटी-१९ व १ एल-५. जपानी एकही नाहीं. ही प्रशस्ति प्रमाण मानली तर जपानी विमानांचा या विमानदलाशीं संबंधच नव्हता असें ठरेल. परंतु शाळेचा हिशेब निराळें सांगतो. १९४९ अखेर तिनें ५६० माणसें तयार केलीं : १२६ वैमानिक, २४ दिशादर्शक, ३२२ यंत्रकर्मी व ८८ इतर. बेरीज जुळते. त्या दिवशीं मस्टँग उडविणारे लिन हू याच शाळेचे विद्यार्थी होते. मिरवणुकींत यंत्रें दिसतात, विद्या दिसत नाहीं.

आणि ही विद्या दिली कोणीं? जपानी भूदलाचे मेजर हायाशी याइचिरो व त्यांच्याबरोबर शरण आलेले सुमारें ३०० लोक यांनीं. बंदिवानाच्या संमतीस किती मोल द्यावें, हा विचार राहतोच. ज्या सैन्यानें आपला देश उध्वस्त केला त्याच्याच माणसांपुढें शिष्य म्हणून बसणें चिनी तरुणांसही सोपें गेलें नसेल. पण दोन्ही बाजूंस अवघड म्हणून ही गोष्ट गाळणें इतिहासास शोभत नाहीं. शत्रूचें शस्त्र मिळालें हें नोंदवावयाचें आणि शत्रूकडून शिक्षण मिळालें हें वगळावयाचें, हा पक्षपात होय.

म्हणून आम्ही पुढील पाठ सुचवितों : ‘युद्धोत्तर उपयोग : चीनमधील दोन्ही पक्षांकडे, पैकीं साम्यवादी पक्षाकडे इतर जपानी विमानांसमवेत, मुख्यतः शिक्षणार्थ, जपानी शिक्षकांच्या हाताखालीं.’ शेरा लांबला खरा. परंतु संक्षेपासाठीं माणसें गाळण्यापेक्षां एक ओळ वाढलेली बरी.