गॉर्कीची 'आई' आणि रशियांतील कामगारसंघ

मॅक्झिम गॉर्की यांची 'आई' ही कादंबरी वाचून उठणाऱ्या वाचकाला, रशियांतील संघटित कामगारांचा इतिहासच आपण वाचला, असें वाटतें. आमच्या मतें हा समज बरोबर नाहीं. आणि तो कां नाहीं, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

कादंबरीच्या मुळाशीं खरी घटना आहे. निझनी नोव्हगोरोडजवळील सोर्मोव्हो येथें १९०२ सालीं कामगारांनीं मे दिनाची मिरवणूक काढली. तींत निशाण घेऊन चालणारा प्योत्र झालोमोव्ह व त्याची आई यांच्यावरून पावेल आणि निलोव्हना हीं पात्रें उभीं राहिलीं. नवऱ्याचा मार खाऊन दबलेली, देवभोळी निलोव्हना मुलाच्या मित्रांमुळें अक्षरें गिरवूं लागते. हा भाग इतक्या जिव्हाळ्यानें रंगविला आहे कीं, त्यापुढें पावेलचीं भाषणें फिकीं पडतात. येथवर आम्ही ग्रंथकाराचे ऋणीच आहों.

परंतु दलदलीच्या कोपेकाचें प्रकरण पहावें. कारखान्याजवळची दलदल कोरडी करण्यासाठीं मॅनेजर मजुरीच्या दर रुबलामागें एक कोपेक कापूं म्हणतो. पावेल बोलतो, जमाव क्षणभर हलतो, मॅनेजर दरडावतांच पांगतो; आणि पावेल तुरुंगांत जातो. लोक भित्रे होते, एवढाच अर्थ बहुतेक वाचक काढतात. पण संप केल्यास घरीं चूल कशी पेटेल, याचें उत्तर त्या जमावापाशीं होतें कोठें? निधि नव्हता, निवडलेले पंच नव्हते, संघच नव्हता.

झारशाहींत संघ बेकायदेशीर होते, मग ग्रंथकाराला दोष कां, असें कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. तथापि त्या अंधारांतहि कामगारांनीं कांहीं मिळविलें होतें. १८८५ सालीं ओरेखोवो-झुयेवो येथील मोरोझोव्हच्या कापडगिरणींत दंडाच्या जाचामुळें संप झाला. पुढाऱ्यांना ज्यूरीनें निर्दोष ठरविलें. आणि १८८६ च्या कायद्यानें दंडाला मर्यादा घालून, ती रक्कम मालकाच्या खिशांत न जातां कामगारांच्याच उपयोगीं लावावी, असें ठरविलें. म्हणजे कोपेकाचा तंटा प्रत्यक्षांत जिंकतांहि येत असे. पुढें झुबातोव्ह या पोलीस अधिकाऱ्यानें सरकारी आश्रयानें कामगारसंस्था काढल्या. फादर गॅपन यांची १९०४ मधील संस्था त्याच वळणाची. पण १९०५ च्या जानेवारींत तिचाच मोर्चा गोळ्यांना बळी पडला. अखेर ४ मार्च १९०६ रोजीं संघांना कायद्याची मान्यता मिळाली. 'आई' लिहिली गेली तीहि १९०६ सालींच!

हें गाळलेलें क्षुल्लक असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. १९१७ च्या क्रांतीनें कामगाराला आठ तासांचा दिवस दिला. पण संघ कोणाचा, हा प्रश्न लगेच उभा राहिला. १९२० च्या अखेरीस ट्रॉट्स्की संघांना सरकारी यंत्रणेंत जोडूं पहात होते. उलट श्ल्याप्निकोव्ह व कोलोंताय उद्योगांचा कारभार संघांकडे मागत होते. लेनिन यांनीं दोन्ही मतें नाकारलीं, आणि १९२१ च्या मार्चमधील अधिवेशनानें पक्षांतील गटांवरच बंदी घातली. संघांचे प्रमुख तोम्स्की १९२९ पर्यंत पदच्युत झाले, १९३६ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. श्ल्याप्निकोव्ह १९३७ सालीं गोळीला बळी पडले. १९६२ च्या जूनमध्यें नोव्होचेर्कास्क येथें कामाचे दर घटले, मांस-लोणी महागलें, आणि कामगार लेनिनचीं चित्रें घेऊन रस्त्यावर आले. सैन्यानें गोळ्या झाडल्या. पुढें सात जणांना देहदंड झाला. पावेलचें निशाण त्यांच्या हातीं होतें; संघ मात्र सरकारचा होता.

निलोव्हनेसाठीं ही कादंबरी घरोघर वाचली जावी, असेंच आम्ही म्हणूं. मात्र मुलांच्या हातीं ती देतांना कोपेकाचें प्रकरण त्यांच्याबरोबर बसून वाचावें, आणि तो जमाव कां पांगला, हें त्यांना विचारावें.