धम्मदीक्षा आणि कुटुंबाचा शोक : ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या संदर्भात

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष व पिंडदान यांचा त्याग सांगते, तर आठवी ब्राह्मणाकरवी क्रियाकर्म करून घेण्यास नकार देते. धर्मांतराची चर्चा बहुधा सामाजिक व राजकीय अंगांनी होते. परंतु घरात मृत्यू घडल्यावर कुटुंबाने काय करावे, हा प्रश्नही या प्रतिज्ञांनी उपस्थित केला. प्रस्तुत लेखात १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

या प्रश्नाला महाराष्ट्रात पूर्वपरंपरा आहे. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना संस्कारांचा आग्रह धरला. १८९० मध्ये महात्मा फुले यांच्या अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. मृताचा अंत्यविधी कोणी करावा, हा वाद वारसा व पुरुषाधिकार यांच्याशी निगडित असतो, हे त्या प्रसंगाने स्पष्ट केले.

बाबासाहेबांच्या ग्रंथात शोकनिवारणाच्या दोन कथा येतात. किसा गोतमीला जिथे कोणी मेलेले नाही अशा घरातील मोहरी आणण्यास सांगितले जाते. नातीच्या मृत्यूने व्याकूळ झालेल्या विशाखेला श्रावस्तीत रोज किती माणसे मरतात, असे विचारले जाते. दोन्ही कथांत मृताच्या गतीचा प्रश्न निघत नाही. आत्मा नाकारणाऱ्या विचाराशी हे सुसंगतच होय. शिवाय दोन्हींत शोक करणारी व्यक्ती स्त्री आहे. श्राद्धविधीत अधिकार प्रामुख्याने पुत्राचा, आणि मृत नात किंवा तान्हे मूल त्या विधीच्या परिघावरच. येथे मात्र आई व आजी यांचे दुःख केंद्रस्थानी येते. ग्रंथाचे हे मोठे सामर्थ्य आहे.

तथापि या कथांतील सांत्वन व्यक्तीच्या बोधावर थांबते. आप्तेष्टांनी एकत्र येऊन करावयाची कृती त्यांतून मिळत नाही. महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत रूढ असलेले पुण्यानुमोदन व जलदान हे विधी ती उणीव भरून काढतात. पात्रातून पाणी ओतीत दानाचे पुण्य मृतास अनुमोदिले जाते, तेव्हा हे तर्पणाचेच रूपांतर नव्हे काय, असा आक्षेप संभवतो. पाणी मृतापर्यंत पोहोचते असे मानल्यास तो आक्षेप खरा ठरतो. जिवंतांनी स्मरणपूर्वक केलेले दान असा अर्थ घेतल्यास तो टिकत नाही.

सारांश, सहाव्या प्रतिज्ञेने पुत्राच्या ऋणाची कल्पना दूर केली आणि ग्रंथाने शोकाला स्थान दिले. या दोहोंचा मेळ विधीच्या नावावरून ठरणार नाही. जलदानाच्या वेळी विधवेचा व मुलीचा हात त्या पात्राला लागतो की नाही, हीच त्याची कसोटी होय.