खेळाडू-विद्यार्थ्याने विद्यापीठ कसे पारखावे? : सातारा-सांगलीच्या उदाहरणांवरून काही विचार

पदवीवर्गाच्या प्रवेशाचे दिवस आले की सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील खेळाडू-विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो. शालेय स्पर्धांत धावलेली माणमधील मुलगी किंवा तालमीत चार वर्षे घाम गाळलेला पलूसकडील मुलगा हे महाविद्यालय निवडताना नेमके काय पाहतात? आपल्याकडे ह्या प्रश्नाचा विचार फारसा कोणी केलेला नाही. शारीरिक शिक्षणावरील आपल्या लेखनात व्यायामाचे माहात्म्य विपुल आढळते, पाठ्यक्रमांची चर्चाही आढळते. परंतु ज्याच्यासाठी ही सारी व्यवस्था उभारली त्या विद्यार्थ्याने तिची परीक्षा कोणत्या कसोट्यांनी करावी, ह्याविषयी मात्र मौन आहे. त्याच्या हाती येते ती महाविद्यालयाची माहितीपुस्तिका. तीत मागील वर्षांच्या पदकांची यादी व चषकांसह घेतलेली छायाचित्रे असतात. पीक किती आले हे तीवरून कळते. बियाणे कोणाचे होते आणि पाणी कोणी दिले हे कळत नाही.

ह्या संदर्भात कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचे उदाहरण पुन्हा एकदा तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. ते इतके परिचित आहे की त्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची सवयच आपण गमावून बसलो आहो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी बँटमवेट गटातील मुक्तशैली कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. कराडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. तेथील वार्षिक स्पर्धांच्या वेळी त्यांची लहान चण पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना कुस्तीत उतरण्यास नकार दिला. तेव्हा ते थेट प्राचार्य बॅ. खर्डेकर ह्यांच्याकडे गेले, प्राचार्यांनी अनुमती दिली, आणि ह्या किडकिडीत मुलाने आपल्याहून थोराड मल्लांना चीत केले, अशी हकिगत त्यांच्या चरित्रकथनांत सांगितली जाते. पुढे हेलसिंकीच्या प्रवासखर्चाचा प्रश्न आला तेव्हा ह्याच खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. उरलेली रक्कम वर्गणीतून जमली. पदक घेऊन परतल्यावर कराडला बैलगाड्यांची भली मोठी मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून गुरूचे कर्ज फेडले.

ही कथा आजवर गुरुशिष्यप्रेमाची कथा म्हणून सांगितली गेली. ती तशी आहेच, आणि खर्डेकरांच्या औदार्याला उणेपणा आणण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. परंतु तीच कथा जमाखर्चाच्या वहीसारखी वाचून पाहावी. १९४८ च्या लंडनवारीचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला, म्हणजे एका संस्थानिकाने. १९५२ मध्ये तो एका व्यक्तीच्या घरावर आणि सामान्य लोकांच्या खिशांवर पडला. त्या काळात कोल्हापूर व कराड हा मुलूख प्रथम मुंबई आणि नंतर १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या छायेत होता. परंतु सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या ह्या कथेत विद्यापीठ नावाचे पात्र कोठेही प्रवेश करीत नाही. क्रीडाशिक्षक हे एकच पात्र संस्थेने ह्या कामासाठी नेमलेले, आणि त्याची भूमिका नकार देण्याची! जे चांगले घडले ते सारे व्यवस्थेला वळसा घालून घडले. अर्थात ज्या प्रसंगाचा आपण अभिमान बाळगतो तोच आपल्या क्रीडाव्यवस्थेवरील सर्वांत कठोर अभिप्राय ठरतो.

ह्यावरून पहिली कसोटी निघते. अजून काहीही सिद्ध न केलेल्या विद्यार्थ्याशी संस्था कशी वागते? निवडचाचणी सर्वांना खुली असते की प्रमाणपत्रे पाहून आधीच यादी तयार होते? आणि शारीरिक शिक्षण संचालकाने नकार दिला तर दाद मागायला दुसरे दार आहे काय? खाशाबांना ते दार उघडे सापडले हा योगायोग होता. विद्यार्थ्याने योगायोगावर विसंबून प्रवेश घेऊ नये.

दुसरी कसोटी साधनांची आहे आणि तीही ह्याच चरित्रातून निघते. लंडनला जाईपर्यंत खाशाबांची कुस्ती मातीतली होती. गादीवरची कुस्ती, तिचे आंतरराष्ट्रीय नियम, गुण मोजण्याची पद्धत, हे सारे त्यांना तेथे नवे होते. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना काही काळ मार्गदर्शन केले, आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले. कौशल्य मुळात तालमीचेच होते, परंतु ज्या पृष्ठभागावर परीक्षा व्हावयाची त्यावर पाय ठरण्यास अवधी लागतो. आजही आपल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग वेगळे ठेवले जातात. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने ह्यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मुक्तशैलीत सुवर्ण व ग्रीको-रोमन प्रकारात रौप्य मिळविले, तेव्हा मातीतून आलेला मल्ल दोन्हीकडे पारंगत होऊ शकतो हे दिसून आले. परंतु ते अपवादात्मक सामर्थ्याचे पुरुष होते. सामान्य गुणवत्तेच्या मुलाने महाविद्यालयात गादी आहे काय एवढेच विचारून थांबू नये. ती दिवसातून किती तास उघडी असते, की तपासणी समिती येईपर्यंत गुंडाळून ठेवलेली असते, हेही विचारावे. (गुंडाळलेल्या गादीवर धूळ किती साचली आहे हे पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही.)

माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर ह्यांचा मार्ग आणखी बोलका आहे. दुष्काळी गावातील ही मुलगी प्रथम खो-खो खेळली, मग लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली, आणि त्यानंतर स्टीपलचेसकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून तिने अंतिम फेरी गाठली व तीत ती दहावी आली. १९८४ मधील पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवरील अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. आता विचार करावा तो असा की, स्टीपलचेसला अडथळे लागतात, पाण्याचा खड्डा लागतो, आणि त्यावरून शेकडो वेळा उडी मारण्याची सवय लागते. ही सवय तिला कोठे मिळाली? रेल्वेच्या नोकरीत व राष्ट्रीय शिबिरांत. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधव ह्या धनुर्धराने टोकियोपर्यंत मजल मारली ती शासकीय क्रीडा प्रबोधिनी व सैन्यदल ह्यांच्या आधाराने. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिन येथे सतराव्या वर्षी कंपाउंड धनुर्विद्येची विश्वविजेती झाली, म्हणजे पदवीवर्गाच्या वयापूर्वीच. आपल्या भागातील श्रेष्ठ खेळाडूंच्या घडणीत गाव, खाजगी अकादमी, सैन्य, रेल्वे, पोलीस ह्यांचा वाटा स्पष्ट दिसतो. विद्यापीठाचा वाटा मात्र दिवा घेऊन शोधावा लागतो.

तो दिसतो असेही एक उदाहरण आहे, आणि त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. सांगलीचा संकेत सरगर हा शिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी. २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या, त्यांत तो आपल्या वजनगटात विजेता ठरला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने ११३ किलो स्नॅच व १३५ किलो क्लीन अँड जर्क असे एकूण २४८ किलो वजन उचलले, आणि केवळ एका किलोने सुवर्ण हुकले. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या कोपराला जबर दुखापत झाली. तरीही तो तिसऱ्या प्रयत्नासाठी पुढे आला. विद्यापीठाने त्याला स्पर्धेचे व्यासपीठ दिले हे मान्य करावे. परंतु त्याचे रोजचे प्रशिक्षण सांगलीतील व्यायामशाळेत, आणि त्याचे घर चाले ते पानाच्या टपरीवर. ही विभागणी नीट ध्यानात घेतली म्हणजे आपल्या विद्यापीठीय क्रीडाव्यवस्थेचे खरे स्वरूप कळते : ती मुख्यतः स्पर्धांची व्यवस्था आहे. महाविद्यालयीन संघ, मग कोल्हापूर, सांगली, सातारा असे विभाग, मग आंतरविभागीय सामने, त्यापुढे पश्चिम विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठीय स्पर्धा, अशी ही शिडी सुबक आहे. परंतु शिडीची पायरी आणि पायातील बळ ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत.

संकेतच्या कोपराने तिसरा प्रश्न पुढे आणला आहे. राष्ट्रकुल स्पर्धेत दुखापत झाली तर देश धावून येतो. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत इस्लामपूरच्या एखाद्या मुलाचा गुडघा फिरला तर कोण धावून येते? शस्त्रक्रियेचा खर्च, त्यानंतरच्या सहा महिन्यांचा व्यायामोपचार, बुडालेली सत्रपरीक्षा, ह्यांची तजवीज लेखी आहे की "बघू, करू" ह्या आश्वासनावर आहे? प्रवेशाआधी हे विचारणारा विद्यार्थी उद्धट ठरतो, असा आपल्याकडील अनुभव. वस्तुतः तो सर्वांत शहाणा समजावा.

पदकांच्या यादीविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. विद्यापीठांच्या एकूण क्रीडाकामगिरीबद्दल मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जातो. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा जिंकला. ही कामगिरी थोर खरी, परंतु ती गुणांची बेरीज आहे. बेरजेत तयार होऊन आलेला खेळाडू व संस्थेत तयार झालेला खेळाडू ह्यांना सारखेच गुण पडतात. होतकरू विद्यार्थ्याला हवी असते ती वजाबाकी : येताना खेळाडू कोठे होता, आणि जाताना कोठे पोहोचला? धावपटूची पहिल्या वर्षाची वेळ व तिसऱ्या वर्षाची वेळ शेजारी शेजारी मांडणारी एकही माहितीपुस्तिका प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली नाही.

आता खुराकाचा प्रश्न. पैलवानाच्या घरी दूध, तूप व बदाम ह्यांचा खर्च शिक्षणाच्या शुल्काहून जड असतो, हे ह्या भागात कोणास सांगावयास नको. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः तरुणपणी कुस्ती खेळलेले. रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालयात १९४७ पासून 'कमवा आणि शिका' ह्या तत्त्वावर गरीब मुले शिकली. विद्यार्थ्याचे पोट हा शिक्षणाचाच विषय आहे हे कर्मवीरांनी ओळखले होते. तथापि दिवसा तास, दोन वेळा सराव आणि त्यातच श्रमाचे काम, हा मेळ खेळाडूच्या शरीराला पेलतो काय, हे नव्याने तपासावयास हवे. २०२१ मध्ये साताऱ्यात रयतेच्या महाविद्यालयांचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. ह्या नव्या विद्यापीठाला जुने वळण मोडून खेळाडूसाठी श्रमाऐवजी सरावच 'कमाई' म्हणून धरता येईल. तसे झाले तर ती आपल्याच परंपरेची वाढ ठरेल.

अमेरिकेत क्रीडाशिष्यवृत्तीची व्यवस्था बलाढ्य आहे म्हणून तिकडे बोट दाखविले जाते. तेथेही १९७३ पासून सुमारे चार दशके शिष्यवृत्तीचे वचन एकेका वर्षापुरते मर्यादित होते. २०१२ पासून अनेक वर्षांची हमी देण्यास मोकळीक मिळाली. तेव्हा तिकडील विद्यार्थ्यालाही 'किती?' ह्याबरोबर 'किती वर्षे?' हे विचारावे लागले. आपल्याकडील शुल्कमाफी व वसतिगृहातील जागा पहिल्या वर्षाच्या पदकानंतर टिकतात काय, हा त्याच जातीचा प्रश्न आहे. मुलींच्या बाबतीत तर आणखी बारकाईने विचारावे : वसतिगृहाचे दार संध्याकाळी बंद होण्याची वेळ व मैदानावरील सराव संपण्याची वेळ ह्यांचा मेळ कोणी घातला आहे काय? संघाबरोबर प्रवासाला स्त्री-व्यवस्थापक असते काय?

महाराष्ट्र शासनाच्या सेवांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे अनेक पालक महाविद्यालयाकडे प्रमाणपत्र मिळण्याचे ठिकाण म्हणून पाहतात, आणि काही प्रकरणांत बनावट प्रमाणपत्रेही उघडकीस आली. पालकांना दोष देणे सोपे आहे. परंतु खाशाबांनाही पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, पोलीसखात्यात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मधील अपघाती मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, हे ज्यांनी पाहिले त्या मुलखात भाकरीची चिंता आधी होणारच. कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र कोणत्या पदास ग्राह्य धरतात हे विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी समजावून सांगणे हे शारीरिक शिक्षण विभागाचे काम आहे. त्यासाठी त्याला दलालाकडे जावे लागू नये.

आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ह्या विषयावर प्रबंधिका लिहावयाच्या ठरविल्यास सामग्री दूर नाही. प्रत्येक महाविद्यालयात क्रीडाविभागाची हजेरीपुस्तके, प्रवासभत्त्याची बिले व साहित्यनोंदवह्या असतात. त्यांवरून मागील दहा वर्षांत संघात आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा एक तक्ता करावा : प्रवेशाच्या वेळची कामगिरी, सरावाचे दिवस, दुखापती व त्यांवर झालेला खर्च, परीक्षेचा निकाल, आणि महाविद्यालय सोडताना तो कोठे गेला. नावे वगळून हा तक्ता माहितीपुस्तिकेत पदकांच्या यादीशेजारी छापावा. खर्च कमी आहे. दोन पृष्ठे वाढतील इतकेच.