“पीडीएफ आहे का?” : फुकट पुस्तकाची किंमत कोण मोजतं

(कळमेश्वर, जि. नागपूर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या मराठी पुस्तकाचं नाव टाकून बघा. खाली पहिला प्रश्न ठरलेला असतो : “पीडीएफ आहे का?” पुस्तक कसं आहे, कुणी काढलंय, कितीला आहे, हे सगळं नंतर. तासाभरात कुणीतरी फाइल टाकतो आणि त्याखाली हात जोडलेली चित्रं आणि अंगठ्यांची रांग लागते. या ग्रुपवर कोण असतं? शिक्षक, निवृत्त अधिकारी, ग्रंथालयाचे जुने सभासद, स्पर्धा परीक्षेची मुलं. म्हणजे पुस्तकांवर प्रेम करणारीच माणसं. चोर म्हणावा असा एकही चेहरा तिथे दिसत नाही, आणि म्हणूनच हा विषय ‘चोरी करू नका’ एवढं सांगून संपत नाही.

या प्रश्नावर दोन बाजूंनी बोललं जातं, आणि माझी तक्रार दोन्हींबद्दल आहे.

पहिली बाजू प्रकाशकांची. त्यांचा हिशोब असा, की फाइल दहा हजार फोनमध्ये गेली म्हणजे दहा हजार प्रती बुडाल्या. हा हिशोब खोटा आहे. त्या दहा हजारांतले बहुतेक लोक फाइल उघडतसुद्धा नाहीत. टेलिग्रामवरून हजारो पुस्तकं उतरवून ठेवणारे महाभाग आपल्या ओळखीत असतात. त्यांना विचारा, गेल्या वर्षभरात त्यातली किती वाचली? ते जमवणारे आहेत, वाचणारे नाहीत. ते कधीच गिऱ्हाईक नव्हते, मग गिऱ्हाईक गेलं असं कसं म्हणायचं?

दुसरी बाजू वाचकांची. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, “फुकटात भेटून राहिलं तं इकत कायले घ्याचं?” याचं जरा शिकलेलं रूप म्हणजे ‘ज्ञान मुक्त असावं’. आणि त्याच्या पुढचा युक्तिवाद हुशारीचा आहे. तुमच्या बागेतलं संत्रं मी तोडलं तर तुमच्याकडचं एक संत्रं कमी होतं. पण पुस्तकाची फाइल मी घेतली तर पुस्तक जागच्या जागीच राहतं. मग नुकसान कुणाचं झालं?

नुकसान कुठे होतं ते कळायला पुस्तक बनतं कसं ते बघावं लागेल. एक काल्पनिक पण नेहमीच्या व्यवहाराला धरून असलेलं उदाहरण घेऊ. विदर्भातल्या दंडार या लोकनाट्यावर कुणीतरी अभ्यास करून पुस्तक लिहिलं. किंमत ३०० रुपये. पूर्वी मराठीत आवृत्ती म्हटली की हजार प्रती धरायच्या. आता असं पुस्तक प्रकाशक पाचशेच काढतो, कधी तीनशे. छापील किमतीतले पस्तीस ते पन्नास टक्के वितरक आणि दुकानदार यांच्या वाट्याला जातात. लेखकाला दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. सगळ्या पाचशे प्रती विकल्या गेल्या तरी लेखकाच्या हातात पंधरा हजार पडतात. गावोगावी फिरून केलेल्या तीन वर्षांच्या कामाचे. कागद, छपाई, बांधणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ हा खर्च समजा साडेतीनशे प्रतींमध्ये भरून निघाला. राहिल्या दीडशे. त्या हळूहळू, दोन-तीन वर्षांत जातात. त्या संपल्या की प्रकाशक ठरवतो, दुसरी आवृत्ती काढायची की नाही, आणि याच लेखकाचं पुढचं हस्तलिखित घ्यायचं की नाही.

आता विचार करा, दंडारीवरच्या पुस्तकाची पीडीएफ कोण मागेल? ज्याला दंडारीत रस आहे तोच. प्राध्यापक, संशोधन करणारा विद्यार्थी, झाडीपट्टीचा नाट्यवेडा. म्हणजे नेमके ते दीडशे लोक. संत्र्याचा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. फाइल घेतल्याने छापून झालेलं पुस्तक कुठे जात नाही, हे खरंच. पण झाडावर पुढचा बहारच धरत नाही. आणि न धरलेला बहार दिसत नाही. न निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीची बातमी कुठल्या पेपरात येते?

म्हणून माझं मत असं, की पायरसीचा फटका प्रसिद्धीच्या उलट्या प्रमाणात बसतो. ‘मृत्युंजय’ची पीडीएफ लाख फोनमध्ये फिरू द्या, ‘मृत्युंजय’ दुकानात खपतच राहतं. लग्नात, वाढदिवसाला ते भेट दिलं जातं, आणि पीडीएफ काही कुणी कागदात गुंडाळून आहेर म्हणून देत नाही. मरतं ते लहान पुस्तक. आणि गंमत बघा, पायरसीविरुद्ध बोलताना दाखला कायम मोठ्या पुस्तकांचा दिला जातो. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, एवढ्या खपाच्या पुस्तकाची एक प्रत मी नाही घेतली तर काय बिघडलं?

आता प्रकाशकांच्या घरात जरा डोकावू.

मार्च २०२०च्या शेवटी टाळेबंदी लागली, दुकानं बंद झाली आणि मराठी पुस्तकांच्या पीडीएफचा पूर आला. प्रकाशकांनी जाहीर तक्रारी केल्या, कारवाईचे इशारे दिले, ते योग्यच होतं. पण त्या दिवसांत एखाद्याला खरोखर पैसे देऊन घरबसल्या मराठी पुस्तक वाचायचं असतं, तर किती पुस्तकं ई-बुक म्हणून मिळत होती? किंडलवर मराठीची सोय २०१६च्या डिसेंबरात झाली होती. बुकगंगा त्याच्याही आधीपासून ई-पुस्तकं विकत होतं. तरी नावाजलेल्या कितीतरी लेखकांची पुस्तकं तिथे नव्हती.

याचं एक कारण अगदी तांत्रिक आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. ती फाइल युनिकोडमध्ये आणायची म्हणजे जोडाक्षरं फुटतात, रफार उडतात, वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटतात. मग पुन्हा मुद्रितं तपासा, पुन्हा खर्च. पायरेटला यातलं काही करावं लागत नाही. तो फोनने पानांचे फोटो काढतो, झालं. त्यासाठी लोक जे कॅमस्कॅनर वापरत, त्याच्यावर सरकारने जून २०२०मध्ये बंदी घातली. म्हणजे चिनी ॲपवरच्या कारवाईत ते गेलं, पुस्तकांच्या काळजीने नव्हे! दुसऱ्या दिवशी लोकांनी दुसरं ॲप घेतलं. करांचा मामलाही असाच. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर पाच टक्के आहे. आणि चोरीच्या फाइलवर अर्थातच शून्य.

पुस्तक बाजारात नसणं ही पायरसीची खरी जमीन आहे. नागपूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’चा पहिला खंड राज्य सरकारने १९७९मध्ये काढला. संपादक आपले नागपूरचे वसंत मून. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांची जी विक्री होते, ती बघून महाराष्ट्रात वाचक नाही असं म्हणायची कुणाची हिंमत होऊ नये. डोक्यावर बोचकं घेऊन आलेली बाई तिथे पुस्तक विकत घेऊन जाते. आणि या खंडांची छपाई रखडली! मागणी समोर उभी असताना छपाई ठप्प, अशी बातमी ‘लोकसत्ता’ने दिली आणि डिसेंबर २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्या बातमीची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

या काळात विद्यार्थ्यांनी काय केलं? पीडीएफ वाचल्या. आणि त्या वाचण्यात गैर काही नव्हतं. हे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अधिकृतपणे उपलब्ध आहेत. त्यांना ‘पायरेट’ म्हणणारा माणूस एक तर अडाणी आहे, नाही तर लबाड. तरी मला इथे एक वेगळी गोष्ट सांगायचीय. पडद्यावर अख्खे खंड फुकट असूनही माणसं छापील खंडासाठी चौकशा करत राहिली. फुकट फाइल आली म्हणजे विकत घेणारा संपतो, हा प्रकाशकांचा समज एवढ्या एका उदाहरणाने ढिला व्हायला हवा. विकत घेणारा संपत नाही, त्याच्या समोर पुस्तक ठेवावं लागतं.

मग कोणती पीडीएफ चालते आणि कोणती नाही? आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून २०११पासून ‘श्यामची आई’ सगळ्यांची झाली. ती पाठवा, छापा, विका. वि. स. खांडेकर १९७६मध्ये गेले, त्यांची पुस्तकं २०३७मध्ये मोकळी होतील. पु. ल. २०६१मध्ये. आपले ग्रेस २०१२मध्ये गेले, म्हणजे २०७३. (ही साठ वर्षं फार झाली असं माझं स्वतःचं मत आहे, पण आज कायदा हा आहे.) शिवाय साहित्य संस्कृती मंडळाने आपली शेकडो पुस्तकं फुकट उतरवून घ्यायला ठेवली आहेत, विश्वकोश फुकट आहे, आणि ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकाच्या परवानगीने पुस्तकं मोफत वाटतं. आयुष्य पुरणार नाही एवढं वाचन कायद्याने फुकट आहे. तरी ग्रुपवर मागणी असते ती गेल्या महिन्यात आलेल्या कादंबरीची.

‘कोर्टानेच फोटोकॉपी चालते म्हटलंय’ असंही सांगितलं जातं. ते दिल्ली विद्यापीठाजवळच्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानाचं प्रकरण. परदेशी विद्यापीठीय प्रकाशकांनी २०१२मध्ये दावा लावला, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६मध्ये दुकानाच्या बाजूने निकाल दिला, अपिलानंतर २०१७मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. माझ्या मते निकाल चांगला होता. पण तो होता अभ्यासक्रमासाठी वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून विद्यार्थ्यांना देण्याबद्दल. अख्खी कादंबरी तीनशे लोकांच्या ग्रुपवर टाकण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२२मध्ये स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका आणि लेखिका नीतू सिंह यांच्या खटल्यात टेलिग्रामला सांगितलं, की चॅनल चालवणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते उघड करा. आमचे सर्व्हर सिंगापुरात आहेत, हे कारण चाललं नाही. एमपीएससीच्या नोट्सचे चॅनल चालवणारी मुलं इथे बसली असतील तर त्यांनी तो निकाल वाचावा. कलम ६३मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे.

मात्र पोलिसांच्या भरवशावर मराठी पुस्तक जगेल, असं मला वाटत नाही. आपल्याकडे याहून जुनी रीत आहे : पुस्तक निघायच्या आधी वाचकाने पैसे देणं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाच्या कामाची सुरुवात नागपुरात केली, मग ते बस्तान पुण्याला गेलं. मंडळ म्हणजे रीतसर लिमिटेड कंपनी होती. भाग विकले, वर्गणीदार मिळवले, आणि १९२०च्या दशकात खंडामागून खंड काढले. आज तो ज्ञानकोश इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो, आणि ते शंभर टक्के कायदेशीर आहे. पण त्यासाठी कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी पैसे मोजलेत. प्रकाशनपूर्व सवलत ही त्याच घराण्यातली गोष्ट. दंडारीच्या त्या पुस्तकाला दीडशे लोकांनी आधीच नाव नोंदवलं, तर प्रकाशकाचा धोका जवळपास संपतो. पीडीएफ नंतर फिरली तरी दुसरी आवृत्ती निघू शकते.

आता शेवटचं, आणि हे समोर बसलेल्या ग्रंथालयाच्या मंडळींसाठी. ज्याला पुस्तक परवडत नाही त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. कळमेश्वर, मोहपा, धापेवाडा इथल्या मुलाला नवी कादंबरी वाचायची तर दरवेळी नागपूरला सीताबर्डीपर्यंत जावं लागू नये, यासाठीच तो आहे. वाचनालयात पुस्तक नाही म्हणून माणूस टेलिग्रामवर जातो, आणि वाचक येत नाही म्हणून वाचनालय पुस्तक घेत नाही. हे चक्र मोडायला निधी लागतो, ते मान्य. पण एक गोष्ट बिनपैशाची आहे आणि ती फार थोड्या ग्रंथपालांना माहीत असते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये अशी तरतूद आहे, की एखादं पुस्तक भारतात विक्रीला उपलब्धच नसेल, तर नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करता येतात. परवानगी लागत नाही. विदर्भात छापलेली आणि संपून गेलेली किती पुस्तकं घराघरांतल्या कपाटांत वाळवी खात असतील! मालकाकडून आठवड्यापुरती मागून आणायची, प्रत करायची, परत द्यायची. आपल्या तालुक्यात अशी कुठली पुस्तकं कुणाकडे आहेत, ते आज इथे बसलेल्यांकडून मला ऐकायचंय. माइक तिकडे द्या.