देहाची सीमा आणि मेंदूतील नकाशा : ‘फँटम्स इन द ब्रेन’चा पुनर्विचार

विलयनूर रामचंद्रन आणि सँड्रा ब्लेकस्ली यांचा ‘फँटम्स इन द ब्रेन’ (1998) हा ग्रंथ मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना बहुधा परिचित आहे. आपले शरीर कोठे संपते व बाहेरचे जग कोठे सुरू होते, हे मेंदू कसे ठरवितो, हा त्यातील एक प्रमुख प्रश्न. मद्रासच्या स्टॅनले मेडिकल कॉलेजात शिकलेल्या रामचंद्रन यांनी तो कापसाचा बोळा आणि आरसा एवढ्या साधनांवर हाताळला, हे साध्या प्रयोगशाळेत शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष भावते.

ग्रंथातील निरीक्षणे आजही वाचनीय आहेत. हात गमावलेल्या रुग्णाच्या गालाला बोळा लावला की स्पर्श नसलेल्या बोटांवरही जाणवतो. नाकाचा प्रयोग तर वर्गातही करता येतो. डोळे बांधलेल्या व्यक्तीच्या बोटाने पुढे बसलेल्याच्या नाकावर टिचक्या मारायच्या, आणि त्याच अनियमित लयीत तिच्या स्वतःच्या नाकावरही. काहींना आपले नाक हातभर लांबल्याचे वाटते. 1998 मध्येच बॉटविनिक व कोहेन यांनी 10 जणांवरील रबरी हाताचा प्रयोग प्रसिद्ध केला. खरा हात पडद्याआड, डोळ्यांसमोर रबरी हात, आणि दोहोंवर एकाच वेळी फिरणारे ब्रश; थोड्या वेळाने स्पर्श रबरी हातावर होत असल्याचा भास होतो. देहाची सीमा त्वचेशी कायमची बांधलेली नाही, मेंदू ती सतत ताडून पाहत असतो, हे यावरून मान्य करावे लागते. (सूचनेला लवकर वश होणाऱ्यांना हा भास अधिक होतो, असे पीटर लश व सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दाखविले, प्रयोग घेताना हे ध्यानात असावे.)

आक्षेप आहे तो कारणमीमांसेवर. पेनफिल्ड यांच्या नकाशात हाताच्या क्षेत्राशेजारी चेहऱ्याचे क्षेत्र येते. हात गेल्यावर ओस पडलेली ती जमीन शेजारच्या चेहऱ्याने बळकावली, असे लेखकद्वय सांगते. याला पॉन्स प्रभृतींच्या 1991 च्या माकडांवरील संशोधनाचा आधार होता. चित्र इतके सुबक आहे की आपणही ते फळ्यावर निःशंकपणे काढत आलो.

2013 मध्ये तमार माकिन व सहकाऱ्यांना हात गमावलेल्यांच्या मेंदूत हाताचे क्षेत्र बरेचसे शाबूत आढळले. 2025 मध्ये त्यांच्याच गटाने तीन व्यक्तींच्या मेंदूची चित्रे हात काढण्यापूर्वी व त्यानंतर 5 वर्षांपर्यंत घेतली. बोटांचा नकाशा जवळजवळ तसाच होता. ओठांच्या क्षेत्राने अतिक्रमण केले नव्हते. तीन ही संख्या लहान खरी, पण त्याच व्यक्तीची आधीची व नंतरची तुलना रामचंद्रन यांच्यापाशी नव्हती. गालावरच्या स्पर्शाची साक्ष यामुळे खोटी ठरत नाही. तिचा उलगडा मात्र नव्याने करावा लागेल.

ग्रंथाची खरी उणीव मला याच ठिकाणी दिसते. नसलेली बोटे आपण हलवू शकतो, असे काही रुग्ण त्यात स्पष्ट सांगतात. लेखकांनी ते आस्थेने नोंदविले, परंतु हाताचा नकाशा अद्याप शिल्लक असल्याची खूण म्हणून पुरेसे तपासले नाही. 2025 च्या संशोधनात यंत्रात निजलेल्या त्या तिघांना नेमके तेच करावयास सांगितले होते : नसलेली बोटे एकेक करून हलवा.