गुप्त आणि रक्षित : संगणक-सुरक्षेच्या मराठी चर्चेतील एक शब्दभ्रम

संगणक, सॉफ्टवेअर कंपन्या आणि त्यांच्या उत्पादनांची सुरक्षितता यांविषयी मराठीत अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. त्यातील बरेचसे लेखन वृत्तान्तवजा असते, थोडे विवेचक असते. परंतु दोहोंच्या मुळाशी बहुधा एकच गृहीतक आढळते. जी वस्तू झाकलेली ती सुरक्षित आणि जी उघडी ती धोक्यात, असे ते गृहीतक होय. ओपन सोर्स, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते असे सॉफ्टवेअर, या कल्पनेकडे मराठी वाचक आजही किंचित संशयाने पाहतो, तो यामुळेच. घराच्या कुलपाचा नकाशा चव्हाट्यावर लावणारा मनुष्य शहाणा कसा, असा त्याचा प्रश्न असतो.

हा प्रश्न केवळ सामान्य वाचकाचा आहे, असेही नाही. मतदानयंत्रांच्या सोर्स कोडचे स्वतंत्र परीक्षण व्हावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये फेटाळली. त्या सुनावणीत, अशी संहिता सार्वजनिक झाल्यास तिच्यात हस्तक्षेप करणाऱ्यांचेच फावेल, अशी शंका न्यायपीठाकडून व्यक्त झाली. याउलट, करोनाच्या काळात 'आरोग्य सेतू' या शासकीय ॲपवर टीका झाली, तेव्हा शासनाने २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची संहिता खुली केली आणि तो विश्वासार्हतेचा पुरावा म्हणून पुढे ठेवला. एका ठिकाणी झाकणे हे संरक्षण ठरले, दुसऱ्या ठिकाणी उघडणे. मतदानयंत्रांच्या विश्वसनीयतेचा निर्णय करणे हा येथे हेतू नाही. तो मोहोरबंदी, ताबा आणि कागदी पावती यांच्याशीही निगडित आहे. येथे पाहावयाचे ते इतकेच की, या दोन भूमिकांतील विरोध मराठी चर्चेत जवळजवळ कोणालाच खटकला नाही. तो का खटकला नाही, याचे एक कारण भाषेत सापडते.

धातुपाठात 'गुप्' या धातूचा अर्थ 'रक्षणे' असा दिला आहे. 'गोपा' म्हणजे गायींचा राखणदार, आणि त्या नामावरूनच हा धातू मागाहून सिद्ध झाला असावा, असे व्युत्पत्तिशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे 'गुप्त' याचा मूळ अर्थ 'रक्षिलेला'. मगधाच्या राजवंशाचे नाव घेताना 'लपविलेला' हा अर्थ कोणाच्या मनात येत नाही, तो त्यामुळेच. जे राखावयाचे ते झाकून ठेवण्याचा मनुष्यस्वभाव आहे. त्या स्वभावाच्या ओघात 'रक्षित'चा अर्थ 'झाकलेला' असा झाला, आणि मराठीत आला तो शब्द हा दुसरा अर्थ घेऊनच आला. पहिला अर्थ लोपला खरा, तथापि त्याची छाया राहिली. मराठी भाषक 'गुप्त' म्हणतो तेव्हा नकळत 'सुरक्षित' असेही म्हणून जातो.

याच धातूपासून 'अनीय' प्रत्यय लागून झालेल्या 'गोपनीय' शब्दाने तर आणखी गोंधळ केला आहे. मंत्री पदाची व गोपनीयतेची शपथ घेतो. तेथे गोपनीयता म्हणजे राज्याने आपल्या कारभारातील काही गोष्टी बाहेर न सांगणे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने नागरिकाचा एक हक्क मूलभूत ठरविला. त्यालाही मराठी वृत्तपत्रांनी बहुतांशी 'गोपनीयतेचा हक्क' असेच म्हटले. पहिली गोपनीयता सत्तेची, दुसरी सत्तेपासूनची. 'खासगीपणा' हा सुबोध शब्द उपलब्ध होता, आणि काही लेखकांनी तो योजलाही. परंतु संस्कृतप्रचुर शब्दाच्या भारदस्तपणापुढे तो मागे पडला. परिणामी, एखादी कंपनी आपल्या सॉफ्टवेअरची संहिता झाकते तेव्हा ती 'गोपनीयता जपते', आणि तीच कंपनी ग्राहकाची माहिती गोळा करते तेव्हा 'गोपनीयतेचा भंग करते'. एकाच वाक्यात दोन्ही क्रियापदे आली तरी वाचकाला विसंगती जाणवू नये, ही शब्दाची उणीव आहे.

गुप्तता आणि सुरक्षितता यांची फारकत प्रथम स्पष्टपणे मांडणारा मनुष्य भाषेचाच अध्यापक होता, ही गोष्ट भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ऑग्युस्त केर्कहोफ्स हा जन्माने डच, पॅरिसमध्ये जर्मनचा शिक्षक, आणि पुढे व्होलाप्यूक या कृत्रिम भाषेच्या चळवळीतला अग्रणी. लष्करी सांकेतिक लेखनावर त्याने १८८३ मध्ये जे निबंध लिहिले, त्यांत त्याचे म्हणणे असे की, संकेताची पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली, आणि ती बदलता यावी. आजचे संगणकशास्त्र हेच तत्त्व प्रमाण मानते. कुलपाची रचना सर्वांनी तपासावी, किल्ली मालकाने सांभाळावी. वर ज्या वाचकाचा प्रश्न दिला, त्याला हे उत्तर पुरेसे आहे.

मराठीला तर या तत्त्वाच्या पडताळ्यासाठी परदेशी जाण्याचे कारणच नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा रवळोबासांकडे देते. तिचे तत्त्व साधे आहे : एका वर्णाच्या जागी ठरलेला दुसरा वर्ण वा चिन्ह योजावयाचे. येथे पद्धती आणि किल्ली या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या. ज्याला लिपी ठाऊक त्याला सर्व ग्रंथ खुले, ज्याला नाही त्याला एकही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी तिचा उलगडा केला, आणि त्याबरोबर ते सारे भांडार उघडले. अनधिकाऱ्यांच्या हाती ग्रंथ पडू नयेत हा हेतू काही शतके साधला, हे मान्य केले पाहिजे. लिपीच्या आवरणामुळे जुन्या गद्याचे रूप पुष्कळसे अविकृत राहिले, असेही अभ्यासक म्हणतात. पण त्याची किंमत पंथाला आणि मराठीला द्यावी लागली. आत काय आहे हे बाहेरच्यांना पाहता येत नव्हते, म्हणून पंथाविषयी नाही नाही ते प्रवाद पसरले आणि त्यांचे निराकरण करण्यास पुरावा पुढे ठेवता आला नाही. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'सारखा गद्यग्रंथ भाषेत असूनही मराठी गद्याचा इतिहास दीर्घकाळ त्याच्यावाचून लिहिला गेला. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले 'पंचीकरण' सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर लिहून काढले. त्या कापडाला काळाची भीती होती, वाचकाची नव्हती.

सकळ लिपीचा काळ संपला असे मात्र म्हणवत नाही. अंबाजोगाईच्या वाटेवरील केजसारख्या तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या आसपास, डीटीपीची दुकाने असतात. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका, महाविद्यालयाचे नियतकालिक, क्वचित एखादा प्रबंध, सर्व काही तेथे टंकित होते. आणि १९९० नंतर दीर्घकाळ ते ज्या फॉन्टांत झाले, त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. या फॉन्टांनी देवनागरीला स्वतंत्र क्रमांक न देता रोमन अक्षरांचेच क्रमांक घेतले आणि त्यांवर देवनागरीचे तुकडे बसविले. 'कृतिदेव' या फॉन्टात 'भारत' हा शब्द साठविला जातो तो एच, के, के, जे, आर या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने. एच म्हणजे भ-चे अर्धे रूप, पहिला के म्हणजे त्याचा दंड, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही, त्याच्या पडद्यावर ही पाच रोमन अक्षरेच उमटतात. तत्त्वतः ही सकळ लिपीच होय. भेद इतकाच की, येथे कोणाला काही लपवावयाचे नव्हते.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी', सी-डॅकचे 'सुरेख' आणि 'योगेश', शिवाय कृतिदेव, यांपैकी एकाची मांडणी दुसऱ्याशी जुळत नाही. ज्या काळी मराठीला संगणकावर जागाच नव्हती, त्या काळी या संस्थांनी ती करून दिली, आणि त्या श्रमाचे मोल त्यांनी घेतले तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. शिवाय सामायिक संकेत अगदीच नव्हता असेही नाही. भारतीय मानक संस्थेचा 'इस्की' १९९१ मध्येच सिद्ध झाला होता. परंतु बाजाराने फॉन्टांच्या खासगी मांडण्याच उचलल्या. ग्राहकाने कागदपत्र स्वतः लिहिले, त्याचे वाचन मात्र दुसऱ्याच्या परवान्यावर अवलंबून राहिले.

येथे सॉफ्टवेअर कंपन्यांवर सरसकट तुटून पडणाऱ्या लेखकांशी थोडा मतभेद नोंदविणे भाग आहे. विंडोजमधून घरोघर पोहोचलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडविला. तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा आहे आणि मुक्त नाही. तरीही मंगलमध्ये लिहिलेला मजकूर एक टाइप या संस्थेच्या 'मुक्त' फॉन्टात जसाच्या तसा वाचता येतो, कारण दोहोंच्या तळाशी युनिकोड हा जाहीर संकेत आहे. अक्षराच्या वळणाची मालकी आणि अक्षराच्या क्रमांकाची मालकी या निराळ्या बाबी आहेत. पहिली खासगी असण्यास प्रत्यवाय नाही. दुसरी खासगी असणे हे भाषेच्या गळ्याला दोरी बांधणे आहे.

जाहीर संकेत निर्दोष असतो, असे नव्हे. युनिकोडमधील देवनागरी इस्कीच्या आधाराने रचली गेली आणि मराठीच्या गरजा तिच्यात उशिरा शिरल्या. 'ॲ' या स्वराला २००८ साली, ५.१ आवृत्तीत, स्वतःची जागा मिळाली. 'ऱ' या वर्णापुढे तर अद्यापि, द्राविडी भाषांतील वर्त्स्य र लिहिण्यासाठी, अशी टीप आहे आणि मराठीचा अर्धा र त्याच टिपेत दुय्यम म्हणून येतो. मराठी वैयाकरणाला हे बोचावे. पण ते बोचले, कारण ते छापलेले आहे, वाचता येते, त्यावर हरकत घेता येते. खासगी फॉन्टांत कोणी ॲ कोठे बसविला होता, यावर कोणती परिषद भरली होती?

मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी पुरस्कर्त्यांचे लेखनही भ्रमातून सुटलेले नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये आपला प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून इंग्रजीतील एका द्व्यर्थी शब्दाचे स्पष्टीकरण करण्यात त्या चळवळीची बरीच शक्ती गेली. मराठीत 'मुक्त' आणि 'मोफत' हे आरंभापासून वेगळे आहेत. १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे आणि ते शुल्क घेते. असे असता 'मोफत सॉफ्टवेअर' हा शब्दप्रयोग रुळला, तो निव्वळ आळसाने. दुसरा दोष याहून मोठा आहे. उघडे आहे म्हणजे तपासलेले आहे, असे हे लेखक मानून चालतात. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला 'हार्टब्लीड' हा दोष ओपनएसएसएलच्या प्रसृत आवृत्तीत दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत होता. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लहानशा साधनात कोणीतरी टोपणनावाने, दीर्घकाळ विश्वास संपादन करून, चोरवाट घातल्याचे आढळले. ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आली, तीही जोडणीस सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्याला विचित्र वाटले म्हणून. 'मुक्त' हे 'मुच्' धातूचे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित आहे. सोडणारा कोणीतरी असतो, एवढेच ते सांगते. सोडल्यावर कोण सांभाळतो, हे त्या शब्दात नाही. तथापि एक्सझेडच्या प्रकरणात संशय आलेल्या मनुष्याला संहितेपर्यंत जाता आले, आणि हा भेद लहान नव्हे.

विद्यापीठीय विभागांचा या प्रश्नाशी संबंध दूरचा नाही. १९९० नंतरच्या दीड-दोन दशकांत मराठी विषयात झालेले अनेक पीएच.डी. प्रबंध वर सांगितलेल्या फॉन्टांतच टंकित झाले. त्यांपैकी जे 'शोधगंगा'सारख्या संग्रहात गेले, त्यांची पाने डोळ्यांनी वाचता येतात. परंतु त्यांत 'लीळाचरित्र' हा शब्द शोधू गेल्यास यंत्राला तो सापडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तेथे रोमन अक्षरांचा ढीग आहे. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरसाधने आहेत, आणि त्यांतील काही स्वयंसेवकांनी फॉन्ट उकलून, तुकडा तुकडा जुळवून केलेली आहेत. राजवाड्यांनी केले त्याच जातीचे हे काम. मात्र मूळ मांडणीचे कोष्टक समोर नसेल, तर साधन चुकले की बरोबर, हे ठरविणे अवघड होते. अर्ध्या र-च्या चिन्हाचा तुकडा रफार समजून बदलला गेला की 'आचाऱ्यास' याचे 'आचार्यास' होते. स्वयंपाक्याचा गुरू होतो, वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्धच राहते आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रालाही काही खटकत नाही. बोलीभाषांवरील प्रबंधांत, जेथे अशा एका वर्णावर सारे प्रमेय उभे असते, तेथे रूपांतरित प्रत छापील प्रतीशी अक्षरशः ताडून पाहण्यास आज तरी दुसरा उपाय नाही. छापील प्रती विभागांच्या कपाटांत आहेत. त्यांतील जुन्या प्रतींची शाई उडू लागली आहे.